जिप्सीचे हेडलाइट : आधी वायरिंग, मग बल्ब (प्रकल्प नोंदी)

गाडी : मारुती जिप्सी किंग, मॉडेल २००१. सात इंची गोल हेडलाइट, काचेची लेन्स, एच-४ बल्ब (एकाच बल्बमध्ये दोन फिलामेंट), ६०/५५ वॅट : अप्पर म्हणजे लांबचा झोत ६०, डिपर म्हणजे जवळचा झोत ५५.

तक्रार : डिपरचा उजेड पिवळट आणि दमलेला. पावसात ताम्हिणी घाटात रस्त्याची कड दिसत नाही. दुकानातला सल्ला एकच, ‘१००/९० चे बल्ब टाका’. ते इथे टाकलेले नाहीत, कारण खाली येईलच.

सात इंची दिवा ॲम्बॅसिडरला आहे, पद्मिनीला आहे, जुन्या जीपलाही आहे. त्यामुळे बरंचसं काम तसंच्या तसं लागू पडेल. फरक पडतो तो जुन्या स्विचची वायर रिलेला (आतल्या कॉइलला थोडा करंट दिला की जास्त करंटची वाट जोडणारा स्विच) कशी जोडायची तिथे. त्याची नोंद ५, ११ आणि १८ मेला आहे.

४ मे २०२४ : मोजमाप

बल्ब होल्डरमधून काढून रिकाम्या होल्डरवर मीटर लावला तर १२.६ व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठणठणीत आहे असं वाटतं. हे माप निरुपयोगी. करंट वाहत नसेल तर गंजलेल्या जॉइंटवरही व्होल्टेज पूर्ण दिसतं. बल्ब लावलेला आणि पेटलेला हवा. होल्डरच्या मागच्या बाजूने वायरच्या कडेने मीटरची सुई आत सरकवायची, म्हणजे टर्मिनलला टेकते.

इंजिन चालू, थोडी रेस दिलेली, बॅटरीवर १३.९ व्होल्ट. बल्बवर :

डिपर : बॅटरीजवळचा दिवा ११.९, पलीकडचा ११.६.
अप्पर : जवळचा ११.६, पलीकडचा ११.३.

पलीकडच्या दिव्यात अप्परवर २.६ व्होल्ट वाटेत जातात. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो, म्हणजे १३.९ च्या जागी ११.३ मिळाले तर उजेड जवळपास निम्मा. अशा वायरिंगवर कितीही महाग बल्ब बसवला तरी तो अर्ध्या पोटीच जळणार.

गळती कुठे आहे ते शोधायला दोन वेगळी मापं घेतली. बॅटरीच्या प्लसपासून बल्बच्या प्लसपर्यंत ०.९. बल्बच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत १.७. मायनसच्या बाजूला इतकं जाणं विचित्र होतं. आधी संशय अर्थिंगवर गेला. बॉडीचा अर्थ बोल्ट घासून, पॉलिश पेपर मारून परत आवळला. फरक शून्य.

५ मे : स्विच मायनसवर आहे

कारण सापडलं. या गाडीत हेडलाइटचा स्विच आणि डिपर-अप्परचा स्विच मायनसच्या बाजूला आहेत. बल्बच्या कॉमन (दोन्ही फिलामेंटच्या सामाईक) पिनेला प्लस येतो. डिपर आणि अप्पर या दोन पिना स्टीअरिंगखालच्या स्विचमधून जाऊन अर्थ होतात. जपानी घराण्याच्या बऱ्याच जुन्या गाड्यांत असंच असतं. म्हणून ते १.७ व्होल्ट बॉडीच्या बोल्टवर जात नव्हते. स्विचची जळकी पॉइंटं आणि तिथवर जाऊन परत येणारी बारीक वायर हे सगळं मिळून ते खात होतं.

ओळखायची पद्धत : दोन्ही दिव्यांचे होल्डर बल्बवरून काढायचे, लाइट चालू करायचा, टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावायचा आणि टोक एका होल्डरच्या तिन्ही घरांत एकेक करून घालायचं. स्विच प्लसवर असेल तर डिपर-अप्पर बदलताना टेस्ट लॅम्प वेगवेगळ्या घरांत पेटतो. मायनसवर असेल तर फक्त कॉमनच्या घरात पेटतो आणि डिपर-अप्पर काहीही केलं तरी तिथेच पेटत राहतो. हे काम पाच मिनिटांचं आहे. तयार हार्नेस (रिले आणि वायरींचा जोडलेला संच) विकत घेण्याआधी करा.

११ मे : तयार हार्नेस, फ्यूज उडाला

ऑनलाइन मिळणारा ‘प्लग अँड प्ले’ रिले हार्नेस आधीच मागवून ठेवला होता, ₹९५०. जुना होल्डर त्याच्या प्लगमध्ये खोचायचा, दोन थिंबल (वायरीच्या टोकाच्या, बोल्टवर बसणाऱ्या कड्या) बॅटरीला, दोन बॉडीला, झालं, असं खोक्यावरचं चित्र सांगतं. लाइटचा स्विच फिरवताच गाडीचा जुना हेडलाइट फ्यूज उडाला.

कारण सरळ आहे. हार्नेसमध्ये प्लगची कॉमन पिन बॉडीच्या थिंबलला जोडलेली असते, कारण बनवणाऱ्याने कॉमन म्हणजे अर्थ असं धरलेलं असतं. इथे कॉमनला प्लस येतो. म्हणजे प्लस थेट बॉडीला. फ्यूज नसता तर वायर पेटली असती. त्या पिनेची वायर नुसती कापून टाकली तरी भागत नाही : रिलेच्या कॉइलचं दुसरं टोक बॉडीला आहे आणि डिपरच्या पिनेवरही अर्थच येतो, तेव्हा कॉइलच्या दोन्ही टोकांना मायनस आणि रिले गप्प.

हार्नेस उघडल्यावर आणखी दिसलं. वायरीचं प्लास्टिक जाड, आत तांबं कमी. ब्लेडने खरवडल्यावर तारा चंदेरी निघाल्या, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. फ्यूज होल्डरची शेपटी तर आतल्या वायरीहूनही बारीक. अशा होल्डरचं प्लास्टिक तासभर अप्पर चालवलं की मऊ पडतं आणि फ्यूजचे पाय सैल होतात. फ्यूज उडत नाही, पण लाइट लुकलुकतो आणि माणूस रिलेला दोष देत बसतो.

यातले सिरॅमिक होल्डर तेवढे ठेवले. बाकी बाद.

१२ मे : नाना पेठ

पुण्यात हे सगळं एका गल्लीत मिळतं. घेतलेलं सामान :

२.५ चौरस मिमी ऑटो वायर, १० मीटर, ₹३८ मीटरने ₹३८०
४ चौरस मिमी, २ मीटर, ₹१२० (फक्त अर्थिंगसाठी)
१ चौरस मिमी, ६ मीटर, ₹९० (कॉइलच्या वायरी)
१२ व्होल्टचे ३० अँपिअर रिले, बेससकट, दोन, ₹४४०
ब्लेड फ्यूजचे होल्डर, जाड शेपटीचे, झाकणवाले, दोन, ₹१६०
थिंबल, ६.३ मिमी टर्मिनल, हीट श्रिंक, कन्ड्युट पाइप, ₹२५०

घरगुती वायरिंगची वायर स्वस्त पडते, पण ती घेऊ नका. तिच्यात तारा कमी आणि जाड असतात, थरथरीने टर्मिनलच्या तोंडाशी तुटतात. बॉनेटखालच्या उष्णतेत तिचं प्लास्टिकही लवकर कडक होतं.

रिले घेताना पिना पाहा. ३० वर बॅटरी, ८५-८६ कॉइल, ८७ वरून दिव्याकडे. पाच पिनांच्या रिलेत मधली पिन ८७ए असेल तर ती रिले बंद असताना जोडलेली असते. तिथे दिवा जोडला तर लाइट बंद केल्यावर पेटतो. मधल्या पिनेवरही ८७ किंवा ८७बी लिहिलं असेल तर ती दुसऱ्या ८७ शी आतून जोडलेली असते. आतून डायोड असलेला रिले नको : त्यात ८६ ला प्लसच लागतो, उलट जोडला तर शॉर्ट.

१८ मे : जोडणी

बॅटरीचा मायनस काढून सुरुवात. ग्रिल काढलं, दिव्याच्या रिंगचे स्क्रू काढून दोन्ही दिवे बाहेर. जे दोन स्क्रू स्प्रिंगवर बसलेले आहेत ते ॲडजस्टमेंटचे, त्यांना हात लावायचा नाही. रिंगचे स्क्रू गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल मारून ठेवा, नाहीतर डोकी गोल होतात.

रिले बॅटरीशेजारी आतल्या मडगार्डवर, पिना खाली तोंड करून. वर तोंड केली तर बेसमध्ये पाणी साचतं.

पॉवरची बाजू : बॅटरीच्या प्लसवरून दोन स्वतंत्र २.५ च्या वायरी, प्रत्येकीला १५ अँपिअरचा फ्यूज, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. एक डिपरच्या रिलेच्या ३० ला, दुसरी अप्परच्या. एकच जाड वायर आणि एकच ३० चा फ्यूज टाकला तर काम सोपं होतं, पण तो फ्यूज घाटात उडाला तर चारही फिलामेंट एकदम जातात. दोन असले तर डिपर गेला तरी अप्परवर घर गाठता येतं. अप्परवर दोन बल्ब मिळून ११ अँपिअरच्या आसपास घेतात, १५ चा फ्यूज पुरतो.

कॉइलची बाजू, मायनस-स्विच गाडीसाठी : जुन्या होल्डरच्या कॉमनवरून प्लस घेऊन दोन्ही रिलेच्या ८६ ला. जुन्या डिपर वायरीवरून डिपर-रिलेच्या ८५ ला, अप्परच्या वायरीवरून अप्पर-रिलेच्या ८५ ला. बॉडीला काहीही नाही. स्विचमधून आता दिव्यांचा पूर्ण करंट जात नाही, फक्त कॉइलचा, तोही अँपिअरच्या पाचव्या हिश्शाहून कमी. अप्परचा निळा इंडिकेटर जुन्या अप्पर वायरीवरच असल्याने पूर्वीसारखा चालतो.

स्विच प्लसवर असलेल्या गाडीत दोन्ही ८५ बॉडीला आणि ८६ ला डिपर-अप्परच्या वायरी. तेवढाच फरक.

दुसऱ्या बाजूच्या दिव्याचा जुना होल्डर वापरात राहत नाही. त्याच्या कॉमनमध्ये लाइट चालू असताना प्लस असतो, म्हणून टर्मिनल वेगवेगळी टेपने गुंडाळून, वरून हीट श्रिंक. एक तोटा मान्य करावा लागतो : कॉइलला प्लस एकाच दिव्याच्या जुन्या लाइनवरून येतो, ती लाइन गेली तर दोन्ही दिवे जातात. म्हणून जुन्या फ्यूज बॉक्सच्या क्लिपा त्याच वेळी साफ केल्या.

अर्थिंग : प्रत्येक दिव्याच्या कॉमनवरून २.५ ची वायर बॅटरीजवळच्या एका बोल्टवर, तिथून ४ ची वायर थेट बॅटरीच्या मायनसला. बॉडीच्या पत्र्यावर भरवसा ठेवलेला नाही. तेवीस वर्षांच्या पत्र्याच्या प्रत्येक जोडावर रंग, सीलंट आणि गंज असतो.

नव्या सिरॅमिक होल्डरमधली वायर काढून घरात टर्मिनल नव्याने बसवली. एच-४ ला वरची आडवी पिन डिपरची, उभ्या दोन म्हणजे अप्पर आणि कॉमन. उभ्यांत गोंधळ झाला तर डिपरवर एकाच बल्बची दोन्ही फिलामेंट सिरीजमध्ये मंद पेटतात. तसं दिसलं की टर्मिनलं अदलाबदल करायची, दुसरं काही शोधायचं नाही.

१९ मे : पलीकडचा दिवा अजून मागे

बॅटरी १३.८. जवळचा दिवा १३.५, पलीकडचा १२.८. वायर लांब आहे हे कारण पुरत नाही. २.५ चौरस मिमीच्या तांब्यात दर मीटरला साधारण साडेसात मिलिओहम, पाच-साडेपाच अँपिअरवर दोन मीटरला ०.१ व्होल्टदेखील जात नाहीत.

मीटर टप्प्याटप्प्याने पुढे सरकवल्यावर ०.५ व्होल्ट एकाच ठिकाणी सापडले, रिलेच्या ८७ वर. दोन्ही दिव्यांच्या वायरी एकाच ६.३ च्या टर्मिनलमध्ये कोंबून दाबल्या होत्या. २.५ च्या दोन वायरी त्यात मावत नाहीत. पलीकडच्या दिव्याची अर्धी तार बाहेरच राहिली होती. पक्कडीने दाबलेलं क्रिम्प वरून छान दिसतं, ओढल्यावर निसटतं. आता दोन ८७ पिना असलेले रिले बसवले (दुकानदाराने बदलून दिले), प्रत्येक दिव्याला स्वतंत्र पिन, आणि क्रिम्प दातेवाल्या क्रिम्पिंग टूलने. प्रत्येक जॉइंट ओढून पाहिला.

नंतर : जवळचा १३.५, पलीकडचा १३.४. जुन्याच बल्बवर. बल्ब न बदलताही पिवळटपणा गेला.

२५ मे : रिफ्लेक्टर

व्होल्टेज आलं तरी डिपरचा झोत भिंतीवर पसरट. रिफ्लेक्टर पाहिले तर बल्बच्या वरच्या भागात चंदेरी थर काळवंडलेला, खाली पाण्याच्या ओघळांचे डाग. या थराला कापड लावायचं नसतं. तो वाफेने बसवलेल्या ॲल्युमिनियमचा अगदी पातळ थर आहे, बोटानेही निघतो. नुसती धूळ असेल तर कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब, आत घालून हलवायचं, मग डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पालथा घालून वाळवायचा. इथे थरच गेला होता, धुऊन उपयोग नव्हता.

क्रोम करून देणारे भेटतात. करू नका. क्रोम डोळ्याला चकचकीत, पण ॲल्युमिनियमपेक्षा बराच कमी प्रकाश परत पाठवतो.

नवे दिवे, काचेची लेन्स, जोडी ₹२,२००. पहिली जोडी परत करावी लागली. भिंतीवर टाकल्यावर डिपरच्या झोताची वर चढणारी बाजू उजवीकडे होती. तो रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणाऱ्या देशांसाठीचा माल. आपल्याकडे चढती बाजू डावीकडे, रस्त्याच्या कडेवर हवी. उजवीकडे असेल तर समोरच्याच्या डोळ्यात जाते आणि कितीही खाली केलं तरी सुटका नाही. दुकानातच बॅटरीला बल्ब जोडून शटरवर झोत टाकून घ्या. जुन्या काचेवर मधोमध काळा ठिपका होता, तो नव्यावर काढलेला नाही. झोत बरोबर बसवला की त्याची गरज पडत नाही.

२६ मे : बल्ब

त्याच भिंतीवर, त्याच व्होल्टेजवर, एकापाठोपाठ एक.

साधा नामांकित ६०/५५ (जोडी ₹४००) : कट-ऑफ रेष (डिपरच्या झोताची वरची कड) स्वच्छ. खरं तर बहुतेकांचं काम इथेच संपतं.

‘शंभर टक्के जास्त उजेड’ वर्गातला ६०/५५ (जोडी ₹१,७००) : वॅट तेच. फिलामेंट जास्त नेमकं आणि दाट गुंडाळलेलं, म्हणून झोताचा मधला भाग पुढे जातो. शंभर टक्के हे झोतातल्या ठराविक जागेचं माप असतं, एकूण उजेड दुप्पट होत नाही. आयुष्य साध्यापेक्षा कमी, आणि १३.४ व्होल्टवर आणखी कमी. हेच ठेवले, साधी जोडी डॅशबोर्डच्या खणात.

निळसर काचेचे ‘सुपर व्हाइट’ : निळा रंग म्हणजे गाळणी, उजेड कमीच होतो. ओल्या डांबरावर तर काहीच दिसत नाही. बाद.

१००/९० : अप्परवर एक बल्ब आठ अँपिअरच्या वर घेतो. नव्या वायरिंगला ते झेपेल, पण रिफ्लेक्टरचा थर आणि होल्डर भाजतात. शिवाय डिपरवर ९० वॅट म्हणजे समोरच्याला त्रासच. जुन्या वायरिंगवर टाकले तर व्होल्टेज आणखी पडतं, वितळतो तो आधी प्लास्टिकचा होल्डर. रस्त्यावरच्या गाडीला हे मंजूरही नाहीत.

एलईडी (उसना आणलेला) : भिंतीजवळ पांढराशुभ्र, पण कट-ऑफच्या वर उजेडाचे फराटे आणि झोताच्या मधोमध काळपट पट्टा. एच-४ चा रिफ्लेक्टर बारीक गोल फिलामेंट धरून आखलेला असतो. एलईडीत पट्टीच्या दोन बाजूंना चिप असतात, मधली जाडी आडवी येते. कॉलर फिरवून थोडं सुधारलं, सुटलं नाही. मागचा पंखा रबर बूटमध्ये (बल्बमागच्या रबरी टोपीत) मावत नाही, मग बूट कापावा लागतो आणि पाणी आत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येही हा फेरबदल अडतो, पासिंगला दाखवता येत नाही.

हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही. लागलंच तर स्पिरिटने पुसायचं, तेलाचा डाग राहिला की तिथे काच तापून फुगते.

१ जून : झोत बसवणं

सपाट जागा, भिंतीपासून ७.५ मीटर. टायरमध्ये हवा बरोबर, सीटवर एक माणूस. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारली, त्याच्या ८ ते १० सेंटिमीटर खाली दुसरी रेष. डिपरचा आडवा कट-ऑफ खालच्या रेषेवर, चढाची सुरुवात दिव्याच्या सरळ समोर. एका वेळी एकच दिवा, दुसऱ्यावर पोतं टाकून. अप्परवरून झोत बसवू नका, डिपर बरोबर बसला की अप्पर आपोआप बसतो.

जिप्सीला पुढे-मागे पाटे आहेत. मागे चार माणसं आणि सामान टाकल्यावर पुढचं नाक उचललं जाऊन रेष बरीच वर सरकली. म्हणून शेवटची ॲडजस्टमेंट मागे माणसं बसवून केली. रिकामी गाडी असताना झोत थोडा आखूड पडतो, ते चालतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०६ व्या नियमाची कसोटीही सोपी आहे : ८ मीटरवर, उजव्या बाजूला, दीड मीटर उंचीवर डोळा ठेवून उभं राहा. डिपरने दिपायला नको.

१५ जून : ताम्हिणी, पाऊस

डिपरवर डावी कड आणि पांढरा पट्टा दोन्ही दिसतात. धुक्यात अप्पर पूर्वीसारखाच निरुपयोगी, समोर भिंत उभी राहते. धुक्यात डिपरवरच चालवायचं. तासभर अप्पर-डिपर करून फ्यूज होल्डर आणि रिलेला हात लावून पाहिला, कोमट.

पलीकडच्या दिव्यात आत बाष्प धरलं. बल्बमागचं रबर बूट जुनंच वापरलं होतं, ओठ कडक झालेले. बुटांची जोडी ₹१२०, दोन्ही बदलले. बुटाच्या खालची निचऱ्याची बारीक फट सिलिकॉनने बुजवायची नाही, आत गेलेलं पाणी तिथूनच बाहेर येतं.

आतापर्यंतचा खर्च, वाया गेलेल्या हार्नेससकट, ₹६,८१०. हार्नेस वगळला तर ₹५,८६०. फक्त वायरिंग करून साधे बल्ब आणि जुनेच चांगले दिवे ठेवले तर दोन हजारांच्या आत होतं, यात सिरॅमिक होल्डरचे शे-दोनशे वेगळे धरा.

बाकी राहिलेलं : स्टीअरिंगखालच्या स्विचची जळकी पॉइंटं. आता त्यांवर भार नाही, म्हणून घाई नाही.